अर्ध्या तिकिटाची बाजू

गड्ड्याच्या जत्रेत तंबू लागायचा.
पडद्यापुढं बसलं तर पूर्ण पैसे,
पडद्यामागं अर्धे.
राजव्वा आणि मी कायमच्या मागच्या.

मागनं सगळं दिसतं, फक्त उलटं.
आमचा हिरो डावखुरा.
डाव्या हातानं जेवायचा,
डाव्याच हातानं थोरांच्या फोटोला उदबत्ती ओवाळायचा.
पाट्यांवरची तेलुगू अक्षरं पाठमोरी चालायची.
ती मला सुलटी असती तरी आली नसती,
राजव्वालाही नसती आली,
म्हणजे तेवढ्यापुरत्या आम्ही पुढच्यांहून काही कमी नव्हतो.

‘काय म्हणाली गं ती?’
‘भाजी खारट झाली म्हणाली.’
‘त्यासाठी एवढी रडती?’
‘लईच खारट झाली असंल की. गप बघ, पिल्ला.’
अंधारात तिची बोटं
मांडीवर सूप नसताना, पान नसताना
विडी वळत राहायची.

सिनेमातलं तेलुगू समुद्राकाठचं,
तिचं विडी घरकुलातलं, कोरडं.
ती ते आधी स्वतःच्या तेलुगूत आणायची,
मग माझ्या मराठीत.
दोन नाक्यांवर किती माल उतरवून घेतला जायचा
ते तिलाच ठाऊक.
कारखान्यात हजारातल्या वाकड्या विड्या
छाट म्हणून बाजूला टाकतात,
तशी ती वाक्यं टाकायची.

एका सिनेमात पोरगी ट्रंक घेऊन उंबऱ्यात उभी.
बाप खूप वेळ बोलला. मानेची शीर फुगेपर्यंत.
‘काय म्हणतो?’
‘जेवून जा म्हणतो.’
पोरगी एकच शब्द बोलली: वेळ्ळोस्तानु.
‘येते म्हणाली,’ राजव्वा म्हणाली.

बैलगाडी निघाली.
पुढच्यांना डावीकडं, आम्हाला उजवीकडं,
पण दोघांच्याही हिशेबानं
स्टेशनच्या दिशेनं.

मी येते म्हणालेल्या बाईची वाट बघत बसले.
मध्ये मारामारी झाली, कुणाचं तरी लग्न झालं,
पडदा नुसता पांढरा झाला,
पोरं तंबूचे दोर सोडायला लागली.
‘आली नाही.’
‘येईल की. म्हणाली नव्हं?’

मल्लेशमबद्दलही ती अशीच बोलायची.
सुरतेला मागावर गेला होता तो.
‘पोयोस्ता म्हणाला.’
त्याला तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं.

परवा तो सिनेमा मोबाइलवर सापडला.
हिरो उजव्या हातानं जेवतो.
खाली इंग्रजी अक्षरं, सुलटी, स्वच्छ.
बाप म्हणतो: आजपासून तू मला मेलीस.
पोरगी म्हणते: आय ॲम लीविंग.
बस्स. मी चालले.
येण्याचं नावच नाही.

मी तेवढाच तुकडा मागं नेऊन नेऊन ऐकला.
आता थोडं तेलुगू कळतं मला,
शेजारात चाळीस वर्षं काढल्यावर भिंतींनाही कळतं.
वेळ्ळि म्हणजे जाऊन. वस्तानु म्हणजे येते.
इंग्रजीवाल्यानं शब्दाचा पहिला अर्धा उचलला,
राजव्वानं दुसरा.
लबाड कुणाला म्हणू?
आमच्या आईनंही निघताना कधी
‘जाते’ म्हणू दिलं नाही.

मग उगाच
मोबाइल मोरीतल्या आरशासमोर धरला.
बैलगाडी उजवीकडं निघाली.
खालची अक्षरं उलटी होऊन
मला काही सांगेनाशी झाली.
आवाज तेवढा होता तसाच.

‘काय बघतेस एवढं?’ आतनं यांनी विचारलं,
‘काय म्हणतोय तो म्हातारा?’

‘काही नाही,’ मी म्हणाले.
‘जेवून जा म्हणतोय.’